रॉचेस्टरचा नॉर्मन कीप: जायच्या आधी आणि जाऊन आल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बरीच वर्षं केंटमध्ये राहते आणि भारतातून कुणीही आलं की त्यांना एक दिवस रॉचेस्टरला नेतेच, त्यामुळे आई, मामा, मावशीची मुलं, नवऱ्याचे मित्र अशा सगळ्यांना तिथे फिरवून झालंय आणि प्रत्येक वेळी साधारण तेच प्रश्न येतात. म्हणून म्हटलं एकदा सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवावं. मी इतिहासाची प्राध्यापक वगैरे नाही, पण या एका इमारतीवर माझा खूप जीव आहे आणि वर्षानुवर्षं वाचत, बघत आलेय, तर जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिलंय.

रॉचेस्टर कुठे आहे आणि तिथे एवढं काय आहे?

लंडनच्या आग्नेयेला, केंटमध्ये, मेडवे नदीच्या काठावर. रोमन काळापासून लंडनहून कँटरबरी आणि डोव्हरकडे जाणारा रस्ता इथेच पुलावरून मेडवे ओलांडतो, म्हणजे युरोपातून कुणीही लंडनवर चालून येणार असेल तर त्याला हा पूल लागणारच. पूल ज्याच्या ताब्यात, रस्ता त्याच्या ताब्यात, एवढं साधं गणित आहे आणि किल्ल्याची जागा त्या गणितातून आलीय. आज किल्ल्याचा तट बऱ्याच ठिकाणी पडलाय, आतल्या मोकळ्या जागेत बाग आहे, पण मधला तो प्रचंड चौकोनी बुरूज, ज्याला कीप म्हणतात, तो अजून जवळजवळ पूर्ण उंचीचा उभा आहे. कठड्यापर्यंत सुमारे ३४ मीटर, म्हणजे ११३ फूट, आणि कोपऱ्यातले छोटे मनोरे धरले तर १२५ फूट. इंग्लंडमधल्या त्या काळच्या कीपमध्ये सगळ्यात उंच हाच. आपल्या हिशोबात सांगायचं तर दहा-अकरा मजली बिल्डिंग, आणि ही सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची.

कीप म्हणजे आपला बालेकिल्ला का?

अर्थाने जवळ आहे, पण तंतोतंत तोच नाही. बालेकिल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गडाचा सगळ्यात वरचा, वेगळा तट असलेला भाग येतो, त्यात वाडा, टाकी, सदर असं सगळं असतं. कीप ही एकच इमारत आहे. तटाच्या आत उभा केलेला एकच अवाढव्य बुरूज, ज्यात मालकाचा दिवाणखाना, झोपायच्या खोल्या, देवघर, विहीर, कोठार असं सगळं एकावर एक रचलेलं असतं, आणि बाहेरचा तट पडला तरी शिबंदीने यात शिरून दार लावून बसायचं. थोडक्यात बालेकिल्ला आणि वाडा एकाच इमारतीत उभे रचले तर जे होईल ते.

आणि हो, त्या काळचे लोक याला कीप म्हणत नव्हते, तो शब्द खूप नंतर, सोळाव्या शतकात वापरात आला. तेव्हा म्हणायचे दोंजों, नाहीतर लॅटिनमध्ये नुसतं तुर्रिस म्हणजे बुरूज. याच दोंजोंचा पुढे इंग्रजीत डंजन झाला आणि त्याचा अर्थ अंधारकोठडी असा फिरला! एकेकाळी हा शब्द किल्ल्यातल्या सगळ्यात मानाच्या जागेचा होता हे कळल्यावर मला तरी फार विलक्षण वाटलं होतं.

नॉर्मन म्हणजे नक्की कोण?

उत्तरेकडून आलेले व्हायकिंग, ज्यांना फ्रान्सच्या राजाने ९११ च्या सुमारास सेन नदीच्या मुखाकडची जमीन दिली, ते तिथेच राहिले, फ्रेंच बोलायला लागले, ख्रिस्ती झाले, आणि त्या भागाला नॉर्मंडी नाव पडलं. त्यांचा ड्यूक विल्यम १०६६ मध्ये इंग्लंडवर आला, १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि राजा झाला. मूठभर परके लोक, अख्खा देश नाराज, तर टिकायचं कसं? त्यांचं उत्तर होतं किल्ले. आधी घाईघाईने मातीचा उंच ढिगारा आणि त्यावर लाकडाचा बुरूज, मग जिथे महत्त्वाचं वाटलं तिथे दगडाचं काम.

रॉचेस्टरला विल्यमच्या काळातच किल्ला उभा राहिला होता, कारण १०८६ च्या डूम्सडे या जमीन-नोंदवहीत लिहिलंय की किल्ल्यासाठी बिशपची जमीन गेली म्हणून त्याच्या बदल्यात त्याला आयल्सफर्डला जमीन दिली. जमीन संपादनाचा मोबदला, नोंदीसकट! असल्या बारीक नोंदी बघितल्या की इतिहास एकदम शेजारच्या तलाठी ऑफिसात आल्यासारखा वाटतो.

मग हा कीप विल्यमने बांधला का?

नाही, आणि ही चूक जवळजवळ सगळेच करतात. विल्यम वारला १०८७ मध्ये. पुढच्याच वर्षी त्याचा सावत्र भाऊ, बायोचा बिशप ओडो, याने नव्या राजाविरुद्ध, विल्यम रुफसविरुद्ध बंड केलं आणि रॉचेस्टरला ठाण मांडून बसला. रुफसने वेढा घातला, आत रोगराई पसरली, ओडोला शरण यावं लागलं आणि देश सोडून जावं लागलं. त्यानंतर रॉचेस्टरचा बिशप गुंडुल्फ याने राजासाठी दगडी तट बांधून दिला, खर्च ठरला ६० पौंड, आणि त्या बदल्यात राजाने हॅडनम नावाचं गाव बिशपच्या मठाकडे राहील असं कबूल केलं. हा गुंडुल्फ म्हणजे साधासुधा माणूस नव्हे, लंडनच्या टॉवरमधल्या व्हाइट टॉवरचं कामही त्याच्याच देखरेखीखाली झालं होतं, आणि रॉचेस्टरचं कॅथेड्रलही त्यानेच नव्याने बांधायला घेतलं.

पण कीप त्याचाही नाही. ११२७ मध्ये राजा पहिला हेन्री याने किल्ला कायमचा कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे सोपवला आणि तेव्हाचा आर्चबिशप विल्यम द कॉर्बेल याने हा बुरूज बांधला. म्हणजे इंग्लंडमधला सगळ्यात उंच लढाऊ बुरूज एका धर्मगुरूने बांधलाय. माझ्या आईला हे अजिबात पटत नव्हतं, ती म्हणे देवाधर्माच्या माणसाला कशाला हवा एवढा बुरूज. पण त्या काळचे बिशप हे मोठे जमीनदार, राजाचे सल्लागार आणि वेळ पडली तर किल्लेदारसुद्धा असायचे, त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

दगड कुठून आणले?

मुख्य भिंती केंटमध्येच मिळणाऱ्या रॅगस्टोन नावाच्या राखाडी, कडक दगडाच्या. हा दगड नीट घडवता येत नाही, म्हणून भिंतीत तो ओबडधोबड दिसतो आणि सगळी ताकद चुन्याची. कोपरे, खिडक्यांच्या कमानी, नक्षी यासाठी मात्र नॉर्मंडीतल्या कानहून फिकट पिवळसर दगड समुद्रावरून आणला, नदी किल्ल्याच्या पायथ्याशीच असल्यामुळे बोटीने आणणं सोपं. जवळ जाऊन बघा, दोन दगडांचा रंग स्पष्ट वेगळा कळतो. भिंतींची जाडी तळाशी साधारण १२ फूट आणि वर १० फुटांच्या आसपास, आणि बुरुजाची प्रत्येक बाजू सुमारे ७० फूट.

आत गेलो तर काहीच नाही, चार भिंती आणि वर आकाश. मग बघायचं काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यावर मी कितीही बोलू शकते!

खरं आहे, छप्पर नाही, मजले नाहीत, आत उभं राहून वर बघितलं तर थेट ढग आणि कबुतरं. पण माझं प्रामाणिक मत आहे की हा बुरूज रिकामा आहे म्हणूनच वाचता येतो. जिथे सगळं सजवून ठेवलंय, पुतळे, गालिचे, स्क्रीन, तिथे आपण सजावट बघतो. इथे इमारतीचा सांगाडा दिसतो, कापून ठेवल्यासारखा. फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

आधी भिंतीत आडव्या ओळीत चौकोनी खोबण्या शोधा. त्या ओळीत मजल्याच्या तुळया बसत होत्या. एकदा ती ओळ सापडली की मनातल्या मनात लाकडी जमीन घालता येते: तळघर, पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला. मग त्या प्रत्येक ओळीच्या वर दरवाजे दिसतील, जे आज हवेत उघडतात, आणि शेकोट्या दिसतील, ज्या आज कुणाच्याच पायापाशी नाहीत, भिंतीवर टांगल्यासारख्या. शेकोट्यांच्या कमानींवर ती नागमोडी नक्षी आहे, नॉर्मन कामाची सही म्हणा ना. धूर वर छपरातून काढत नव्हते, मागच्या भिंतीतच भोक ठेवून बाहेर सोडत होते, लांबलचक धुराड्याची पद्धत अजून यायची होती.

आता दुसरा मजला. खालचे मजले साधे, खिडक्या अरुंद, जवळपास जंग्यांसारख्या, पण दुसऱ्या मजल्यावर उंची एकदम दुप्पट होते, खिडक्या मोठ्या होतात, नक्षी वाढते. ही मुख्य बैठकीची जागा, सदर म्हणा. वरच्या अर्ध्या भागात भिंतीच्या जाडीतच चारी बाजूंनी फिरणारा सज्जा आहे, म्हणजे १० फूट जाड भिंत आतून पोकळ करून त्यात चालायची वाट काढलीय. आज तुम्ही त्याच वाटेवरून चालू शकता आणि प्रत्येक कमानीतून खाली डोकावू शकता. माझा मामा इथे पंधरा मिनिटं नुसता उभा होता. तो आयुष्यभर बांधकामात सुपरवायझर होता, म्हणाला ही सेंटरिंग त्यांनी कशी लावली असेल ते मला कुणीतरी सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधली भिंत. पूर्ण बुरुजाच्या मधून तळापासून वरपर्यंत एक आडभिंत जाते आणि प्रत्येक मजल्याचे दोन भाग करते. मुख्य मजल्यावर ती भिंत सलग नाही, जाड गोल खांब आणि कमानी आहेत, म्हणजे तिथे दोन दालनं एकमेकांत उघडत होती. याच आडभिंतीच्या पोटात विहिरीची उभी नळी आहे जी प्रत्येक मजल्यावरून जाते, म्हणजे कुठल्याही मजल्यावरून पोहरा सोडून पाणी काढता येत होतं. बाराव्या शतकात प्रत्येक मजल्यावर पाणी! ही आडभिंत लक्षात ठेवा, पुढे १२१५ च्या गोष्टीत ती परत येणारे.

दार वर का आहे?

मुद्दाम. मूळ दार पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथे पोचायला बुरुजाच्या अंगाला चिकटलेली एक वेगळी, पुढची इमारत आहे. बाहेरच्या जिन्याने वर यायचं, मध्ये खड्ड्यावरचा उचलता येणारा पूल, मग ती पुढची इमारत, आणि मग मुख्य दाराशी वरून खाली सोडायचं जाळीदार लोखंडी दार, ज्याच्या खाचा अजून दगडात दिसतात. शत्रूला प्रत्येक टप्प्यावर वळावं आणि थांबावं लागावं अशी रचना. आपल्याकडचे गोमुखी दरवाजे ज्यांनी बघितलेत त्यांना हे डोकं लगेच कळेल, मार्ग वेगळा पण हेतू तोच.

संडास होते का? (मुलं हे हमखास विचारतात)

होते, भिंतीच्या जाडीत. छोटी खोली, दगडी बैठक, खाली थेट बाहेर. पुढे.

एक कोपरा गोल का आहे? बाकी तीन तर चौकोनी आहेत.

हे ज्याच्या लक्षात येतं त्याला मी मनातून शंभर मार्क देते.

१२१५ साल. जूनमध्ये राजा जॉनने रनीमीडला सरदारांसमोर मॅग्ना कार्टाला, म्हणजे राजाच्या सत्तेवर मर्यादा घालणाऱ्या सनदेला, मान्यता दिली. ऑगस्टमध्ये पोपने ती रद्द ठरवली आणि शरद ऋतूपर्यंत उघड युद्ध पेटलं. लंडन बंडखोरांकडे होतं. जॉन डोव्हरकडून लंडनवर येणार हे दिसत होतं, आणि मध्ये कोण? रॉचेस्टर. तिथल्या किल्लेदाराने बंडखोरांना दार उघडून दिलं आणि विल्यम दॉबिन्यी नावाच्या सरदाराच्या हाताखाली एक तुकडी आत जाऊन बसली. बखरकार सरदार-घोडेस्वारांचा आकडा ९५ पासून १४० पर्यंत देतात, शिवाय बाकी शिपाई.

१३ ऑक्टोबरला जॉन स्वतः आला. त्याच्या माणसांनी पूल मोडला म्हणजे लंडनची मदत तुटली. दुसऱ्याच दिवशी कँटरबरीला हुकूम गेला की रात्रंदिवस कुदळी बनवा आणि इकडे पाठवा. त्यावरून कळतं की पहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात खणायचंच होतं. दगडफेकी यंत्रं, पाच होती म्हणतात, रोज मारा करत होती, पण त्याने या भिंतींना फारसं काही झालं नाही. लंडनहून रॉबर्ट फिट्झवॉल्टर घोडदळ घेऊन निघाला, डार्टफर्डपर्यंत आला आणि परत फिरला. आतल्या लोकांना हे कळलं असेल तेव्हा काय वाटलं असेल, मला दर वेळी तिथे उभं राहिल्यावर हा विचार येतो.

बाहेरचा तट फुटला, शिबंदी कीपमध्ये शिरली, आणि मग जॉनच्या माणसांनी आग्नेय कोपऱ्याच्या खाली भुयार खणायला घेतलं.

सुरुंग लावला म्हणजे दारू भरून उडवला का?

नाही! आपल्या मनात सुरुंग म्हटलं की दारूगोळा येतो, पण त्या काळी तिथे दारू अजून पोचलीच नव्हती. तेव्हाची पद्धत अशी: पायाखाली बोगदा खणायचा, जसजसं खणाल तसतसा वरचा भार लाकडी टेकूंवर घ्यायचा, पुरेसं पोखरून झालं की आत काटक्या, लाकूड, चरबी भरायची आणि पेटवून बाहेर पळायचं. टेकू जळाले की वरचं सगळं वजन पोकळीत बसतं आणि भिंत स्वतःच्याच भाराने फाटते. धमाका नाही, तडा. आणि हे काम करणारे लोक अंधारात, डोक्यावर हजारो टन दगड घेऊन खणत होते, त्यांची नावं कुठेच नाहीत.

चाळीस डुकरांची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि ती दंतकथा नाही, राजाच्या लेखी हुकुमात आहे. २५ नोव्हेंबर १२१५ ला जॉनने ह्यूबर्ट द बर्गला, जो त्याचा मुख्य कारभारी होता, लिहिलं की चाळीस डुकरं पाठव, सगळ्यात चरबीदार आणि खायला कमी चांगली अशी, बुरुजाखाली आग लावायची आहे. या 'खायला कमी चांगली'वर मी दर वेळी थांबते, म्हणजे युद्ध चालू आहे, राजा रागाने लाल आहे, पण चांगलं मांस वाया जायला नको हेसुद्धा डोक्यात आहे. नंतर लोकांनी यात जिवंत डुकरांना पेटवून बोगद्यात सोडलं वगैरे मसाला घातलाय, हुकुमात तसलं काही नाही. त्यांना हवी होती चरबी, जी खूप तापते आणि टेकूंना शेवटपर्यंत जाळते.

मग कोपरा पडल्यावर युद्ध संपलं?

इथेच ती मधली भिंत आली! कोपरा कोसळला, बुरुजात भगदाड पडलं, आणि आतले लोक आडभिंतीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात सरकले आणि तिथून लढत राहिले. म्हणजे अर्धी इमारत शत्रूच्या हातात आणि अर्धीत तुम्ही, मध्ये एक भिंत. जगातल्या फार थोड्या वास्तूंमध्ये अशी लढाई झाली असेल आणि ती भिंत आजही हात लावून बघता येते.

त्यांना हरवलं ते भुकेने. घोडे खाऊन झाले होते. जे लढू शकत नव्हते त्यांना बाहेर पाठवलं तर एका बखरीनुसार जॉनने त्यांचे हातपाय तोडायला लावले. शेवटी ३० नोव्हेंबरला, सुमारे सात आठवड्यांनी, ते शरण आले. तो संत अँड्र्यूचा सणाचा दिवस, आणि किल्ल्यासमोरचं कॅथेड्रल तेव्हा त्याच संताच्या नावाचं होतं. त्या काळातल्या एका बखरकाराने लिहिलंय की आमच्या पिढीने असा चिवट वेढा पाहिला नाही, आणि यानंतर किल्ल्यांवर भरवसा ठेवणारे थोडेच उरले.

जॉनने सगळ्यांना फाशी दिलं का?

द्यायचं होतं, पण दिलं नाही. त्याच्याच बाजूचा एक सरदार, साव्हारी द मोलेओं, मध्ये पडला आणि म्हणाला की आज तू यांना लटकवलंस तर उद्या आमच्यातले कुणी पकडले गेले की त्यांचंही तेच होईल. ते पटलं. फक्त एका धनुर्धाऱ्याला फाशी दिली, जो लहानपणापासून जॉनच्याच पदरी वाढला होता असं सांगतात. बाकीचे कैदेत गेले.

पण मग गोल का बांधला परत?

हं, ते राहिलंच. जॉन पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १२१६ मध्ये वारला. दुरुस्ती त्याचा मुलगा तिसरा हेन्री याच्या काळात झाली आणि तोपर्यंत बांधकामाची रीत बदलली होती. चौकोनी कोपरा हीच कमजोरी असते, तिथे दोन बाजूंनी पोखरता येतं आणि कोपऱ्यातले दगड सुटले की सगळंच सुटतं. गोल बुरुजाला असा कोपरा नाही, आणि वरून बघणाऱ्यालाही पायथ्याशी आंधळी जागा कमी राहते. म्हणून तीन कोपरे ११२७ च्या डोक्याचे आणि एक कोपरा शंभर वर्षांनंतरच्या. आतून गेलात तर जुन्या नव्या बांधकामाचा सांधाही दिसतो. बागेतून, दक्षिणेच्या बाजूने थोडं लांब उभं राहून बघा, फरक एकदम डोळ्यात भरतो.

त्यानंतर लढाया झाल्या का?

झाल्या. १२१६ मध्येच फ्रान्सचा राजपुत्र लुई बंडखोरांच्या बोलावण्यावरून आला आणि त्याने रॉचेस्टर घेतलं. १२६४ मध्ये सायमन द माँटफर्टने पुन्हा वेढा घातला, तेव्हा किल्ला राजाच्या बाजूने होता. बाहेरचं सगळं पडलं पण कीप टिकला, आणि राजाचं सैन्य जवळ येतंय कळल्यावर वेढा उठला. त्यानंतर किल्ल्याची फार आबाळ झाली, शंभरएक वर्षांनी तिसऱ्या एडवर्डने मोठी दुरुस्ती काढली. १३८१ च्या शेतकरी उठावात गावकरी आले आणि रॉबर्ट बेलिंग नावाच्या एका माणसाला सोडवून घेऊन गेले, ज्याला एका सरदाराने 'हा माझा वेठीचा कूळ आहे' म्हणून इथे डांबलं होतं. राजाला सात आठवडे लागले तिथे लोकांच्या जमावाने कैदी काढून नेला, ही नोंद मला फार आवडते.

छप्पर आणि मजले गेले कुठे?

विकले! १६१० मध्ये राजा पहिला जेम्स याने किल्ला अँथनी वेल्डन याला देऊन टाकला. जुन्या स्थानिक इतिहासात नोंद आहे की त्याच घराण्यातल्या एकाने आतलं लाकूड विकलं, जिन्याच्या पायऱ्या आणि खिडक्या-कमानींचे घडीव दगड लंडनच्या पाथरवटांना विकले आणि शेवटी अख्खा किल्ला फरसबंदीच्या ठेकेदाराला द्यायचा बेत केला. नमुन्याला म्हणून एका बाजूने तट फोडून पाहिला, तर चुना इतका घट्ट की दगड सुटे करायची मजुरी दगडाच्या किमतीपेक्षा जास्त! म्हणून सौदा बारगळला. ज्या गवंड्यांनी तो चुना कालवला त्यांना माझा मनापासून नमस्कार.

१८७० मध्ये शहराने जागा भाड्याने घेतली आणि तिथे लोकांसाठी बाग केली, १८८४ मध्ये विकतच घेतली. आता इंग्लिश हेरिटेजच्या यादीत आहे आणि रोजचा कारभार मेडवे कौन्सिल बघतं.

गोल जिना उजवीकडे वळतो तो तलवारीसाठी ना?

हे सगळीकडे सांगतात, की वर जाणाऱ्या शत्रूचा उजवा हात मधल्या खांबाला अडावा म्हणून. ऐकायला छान आहे पण उलटे वळणारे जिनेही किल्ल्यांमध्ये भरपूर आहेत, आणि शत्रू जिन्यात येऊन पोचला म्हणजे मुळात सगळं संपलेलंच असायचं. मी हे आता कुणाला सांगत नाही.

बाहेर वरच्या बाजूला भोकं दिसतात ती कसली?

चांगला प्रश्न. कठड्याच्या खालच्या ओळीतली भोकं लाकडी सज्जासाठी. वेढा पडला की तुळया बाहेर काढून त्यावर लाकडी माची बांधायची आणि जमिनीतल्या फटींतून थेट पायथ्यावर दगड टाकायचे. भिंतभर इतरत्र जी छोटी भोकं दिसतात ती बहुतेक बांधकामाच्या परांचीची, त्यात गवंड्यांच्या फळ्यांचे वासे अडकवलेले असायचे.

वयस्कर माणसांना जमेल का? लहान मुलं?

खरं सांगते, वरपर्यंत जाणं सोपं नाही. चक्री जिना अरुंद, पायऱ्या झिजलेल्या, लिफ्ट नाही, समोरून कुणी आलं तर थांबून वाट द्यावी लागते. एकदा आमच्याकडच्या एक काकू गुळगुळीत तळाच्या चपला घालून आल्या आणि मी सकाळी घाईत बघितलंच नाही, तर अर्ध्या जिन्यातून हळूहळू बसत खाली आणावं लागलं त्यांना. तेव्हापासून मी घरातून निघतानाच सगळ्यांचे पाय बघते. बूट घाला. पाऊस असेल तर आतसुद्धा ओलं असतं कारण छप्परच नाही. बाबागाडी खालीच ठेवावी लागेल. गुडघे दुखणाऱ्यांनी बागेत बसावं, बाग फुकट आहे आणि बाहेरून बुरूज बघण्यातही खूप काही आहे. पाच-सहा वर्षांची मुलं मजेत चढतात पण वरच्या सज्ज्यात हात सोडू नका.

जायचं कसं, वेळ किती लागतो?

लंडनच्या सेंट पँक्रासहून वेगवान ट्रेनने साधारण चाळीस मिनिटं, व्हिक्टोरिया किंवा लंडन ब्रिजहूनही गाड्या आहेत. स्टेशनवरून हाय स्ट्रीटने चालत दहा मिनिटांत कॅथेड्रल आणि त्याच्या मागे किल्ला. कीपला तिकीट आहे, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात म्हणून निघायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या. नुसता कीप नीट बघायला दीड तास तरी द्या. कॅथेड्रल चुकवू नका, ६०४ सालची स्थापना, कँटरबरीनंतर इंग्लंडमधलं दुसरं सगळ्यात जुनं, आणि त्याचं नॉर्मन दार बघितलं की कीपमधली नक्षी ओळखीची वाटायला लागते.

हा आवडला तर अजून कुठले बघू?

एसेक्समधला हेडिंगहॅम, रॉचेस्टरचाच धाकटा भाऊ वाटावा असा, आणि तिथे मजले आहेत, म्हणून आधी रॉचेस्टर बघून मग तिथे गेलात तर इथे कल्पनेने घातलेली जमीन तिथे पायाखाली येते. कोलचेस्टरचा कीप उंचीने कमी पण पायाने प्रचंड, कारण तो रोमन सम्राट क्लॉडियसच्या देवळाच्या जोत्यावर बसवलाय. डोव्हर थोडा नंतरचा, दुसऱ्या हेन्रीच्या काळातला, आतून सजवलेला. आणि लंडनचा व्हाइट टॉवर तर तुम्ही बघणारच.

दिवसाची कुठली वेळ चांगली?

दुपार उलटून गेल्यावरची. ऊन पश्चिमेकडून, नदीच्या बाजूने येतं आणि वरच्या कमानींतून आडवं आत शिरतं, तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या तुळयांच्या खोबण्या एकेक करून काळ्या ठळक उठून दिसतात. तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यात, मधल्या भिंतीच्या वरच्या टोकाशी उभे राहा आणि त्या ओळी मोजा.